लाइन स्वच्छ आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

कुणीतरी माझ्या सेटिंगला हात लावलाय!

वकिलांच्या कॉम्प्युटरवर. गेल्या गुरुवारी मी स्वतः सगळं बसवून आलो होतो. मोडेमचा ड्रायव्हर नवा घातला, नेटवर्कच्या यादीतली दोन बिनकामाची भुतं काढून टाकली, वेग सगळ्यात वरचा ठेवला. फोनचा रिसीव्हर कानाला लावून लाइन ऐकली, ‘स्वच्छ आहे’ म्हणालो, चहा घेतला, निघालो. आज प्रिंटरची वायर द्यायला गेलो आणि सवयीनं मोडेमचं पान उघडलं – तर जादा सूचनांच्या चौकोनात एक ओळ टाइप केलेली! तो चौकोन मी कायम रिकामा ठेवतो. ओळ काय म्हणते? वेग निम्म्यावर आण, त्याच्या वर जाऊ नकोस. म्हणजे घोडा विकत घ्यायचा आणि गाढवाच्या चालीनं चालवायचा.

‘कोण आलं होतं?’ विचारलं.

वकील फायलीत डोकं घालून म्हणाले, ‘आता चालतंय ना छान? मग सोडा हो.’

उभा जन्म कोर्टात गेला, तरी खोटं बोलताना मान अजून खाली जाते बिचाऱ्याची. आणि ‘आता छान’ म्हणजे काय? आधी नव्हतं?

ती ओळ न बघता टाइप करू शकतील अशी माणसं इथं दोनच. एक मी. दुसरा, ज्याला मी शिकवलं तो.

४ फेब्रुवारी

धाकट्या भावाला विचारलं. ‘कुठले वकील?’ म्हणाला.

आपल्याकडे वकील एकच आहे!

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी गिऱ्हाईक नाही. धाकटा बाहेर गेलाय – ‘एक काम आहे’ म्हणून. हल्ली त्याला फार कामं असतात.

वाईट वाटतंय, म्हणून लिहितोय. मी कोण होतो? सातवी पास. बारा वर्षं कारखान्यात पत्रा ठोकायच्या यंत्रावर. दिवसभर धडाम्, धडाम्. शेजारचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखायचं. पण त्या गोंगाटातही साचा केसभर सैल झाला की मला कळायचं. मी बोट वर केलं की फोरमन यंत्र थांबवायचा! कान तिथे तयार झाले माझे. पुढे रेडिओ, मग फोन, मग हे मोडेम. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. आणि धाकट्याला कॉलेजात घातलं ते याच हातांनी. शिकून आला तेव्हा नोकर म्हणून नाही ठेवला – पाटीवर दोघांची नावं. रंगारी म्हणाला होता, ‘मोठ्याचं नाव जरा मोठं काढू?’ मी म्हटलं, एकाच मापात काढ.

मोडेम जोडताना ओरडतो ते लोकांना कर्कश वाटतं. मला ती दोन व्यापाऱ्यांची घासाघीस वाटते. आधी आकडे, मग पलीकडून लांब शिट्टी, मग इकडून जबाब. तू किती पळशील, मी किती पळीन! आणि सौदा जमला की पाण्याच्या फेसासारखा आवाज. घासाघीस लांबली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. गिऱ्हाइकं मला कानसेन म्हणतात ते उगाच नाही. दुकानात येणारा आधी विचारतो, ‘कानसेन आहेत का?’ धाकटा हसून म्हणायचा, ‘आहेत, आणि तुम्ही कोपऱ्यावर होता तेव्हापासून ऐकतायत.’

म्हणायचा. हल्ली म्हणत नाही.

आणखी एक. हल्ली सगळे पुटपुटतात. धाकटा पुटपुटतो, ही पुटपुटते, गिऱ्हाइकं पुटपुटतात. मी ‘काय?’ म्हटलं की एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, ‘काही नाही.’ माणसं माझ्यासमोर आवाज उतरवतात, याचा अर्थ मला कळतो. कारखान्यात कुणाला काढायचं ठरलं की असंच व्हायचं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंची हार्ड डिस्क भरायला लावली होती. चार तासांचं काम. वीज गेली – जाऊ दे, यूपीएस आहे. बॅटरी संपत आली की ते शिट्टी मारतं, मग दोन मिनिटांत सगळं नीट बंद करायचं. मी शेजारीच बसलो होतो, फोनचा सेट उघडून. आणि मशीन एकदम काळं! चार तास पाण्यात.

‘शिट्टी का नाही वाजली?’ ओरडलोच मी.

धाकटा आतल्या खोलीतून धावत आला होता. आधी म्हणाला, ‘वाज–’ आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘नसेल वाजली, दादा. बघतो मी.’

तो आधी काय म्हणणार होता? आणि शिट्टी वाजली नाही, तर हा आतून धावत आला कशाला? वीज जाऊन पाव तास झाला होता.

मला वाटतं, त्यानंच त्या यूपीएसचं तोंड बंद केलंय. का? माझी कामं बिघडावीत म्हणून. दुसरं कारण सापडत नाही. शोधतोय, कारण सापडावंसं फार वाटतंय.

१२ फेब्रुवारी

माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर पण मेला. रोज सकाळी दहाला चिवचिवायचं. सेल बदलला, तरी मुकं. या महिन्यात सगळ्यांनी एकदम मौन धरलंय!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज पुरावा मिळाला. मिळायला नको होता.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो, डिस्क परत करायला. दातांच्या डॉक्टर त्या, खुर्चीवर एक बाबा आ करून पडलेला. तोंडाला कापड बांधून काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळेना. म्हटलं, ‘बाई, तो फडका खाली घ्या, मी काही तुमच्या दातांना घाबरत नाही.’ आ केलेला बाबासुद्धा हसला.

त्या फोनवर असताना मी दारामागची टेलिफोनची डबी उघडली. पंधरा दिवसांपूर्वी मी ही लाइन ऐकली होती – स्वच्छ. मोडेम बदलून दिला होता. आत बघतो तर तारांचा जोड नवा! साडेतीन वेढे, डावीकडून पीळ, टोक मागे दुमडून दाबलेलं. असा पीळ जगात दोघंच देतात. धाकट्याला तो मी शिकवला, दुकानाच्या पायरीवर बसून, पाव शेर तार वाया घालवून. ‘टोक मोकळं सोडलंस तर तुझं बोट नाही, गिऱ्हाइकाचं कापेल,’ असं म्हणालो होतो. ऐकलं होतं त्यानं. नीट ऐकलं होतं.

बाई म्हणाल्या, ‘भाऊ आले होते तुमचे. तुम्हाला सांगू नका म्हणाले, पण माझ्या पोटात राहत नाही. छान चालतंय हो आता. आणि माझ्याकडून एक पत्ता पण घेऊन गेले.’

‘कसला पत्ता?’

‘ते त्यांनाच विचारा,’ म्हणाल्या आणि हसल्या. पण डोळे हसले नाहीत. डोळ्यांत दया होती. माझी कीव!

जिना उतरलो. त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर, बंद शटर. वर कागद – ‘गाळा भाड्यानं देणे आहे.’

बरं. आलं लक्षात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवायला लवकर घरी गेलो. स्वयंपाकघरात ही आणि धाकटा. मला बघितलं नाही त्यांनी. धाकटा पाठमोरा. पण हिचं तोंड दाराकडे होतं आणि बारा वर्षं ओठ वाचून पोट भरलेला माणूस आहे मी.

‘त्यांना एवढ्यात सांगू नका, भावोजी,’ ही म्हणाली. ‘मोडून पडतील.’

तो काहीतरी म्हणाला.

‘मी सांगेन माझ्या पद्धतीनं. आधी जागा नक्की होऊ दे, वेळ मिळू दे.’

जागा! मी पाऊल न वाजवता परत फिरलो. कोपऱ्यावर जाऊन खोकलो, मग आलो. घरात शिरायला स्वतःच्याच खोकल्याची परवानगी घ्यायची वेळ आली.

सत्तावीस वर्षांचा संसार आहे आमचा. भावाचं एक वेळ समजू शकतो. रक्ताला फुटायची खोडच असते. पण ही?

२१ फेब्रुवारी

रागानं जेवलो नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. जेवलो. दोनदा वाढून घेतलं. पण काय खाल्लं ते सांगता येणार नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सापळा लावला.

शिंपीणबाईंची तक्रार होती. बाहत्तर वर्षांच्या, एकट्या. मुलगी परदेशी, दर गुरुवारी दहाला पत्र पाठवते, बाई ते ई-मेलमधून वाचतात आणि लगेच उत्तर देतात. जाड चष्म्यानं सुईत दोरा ओवणारी बाई, की-बोर्डवर एका बोटानं टाइप करते – टाका घातल्यासारखी. कनेक्शन मधेच तुटतं म्हणाल्या. मी लाइन ऐकली. स्वच्छ. ड्रायव्हर काढून परत घातला, मोडेम बदलून दिला. आणि निघताना भिंतीवरच्या सॉकेटचा स्क्रू काढून आत एक चिठ्ठी घडी करून ठेवली: ‘धाकट्या, इथपर्यंत आलास? – दादा.’

दुकानात आल्यावर मोठ्यानं म्हणालो, ‘शिंपीणबाईंचं काम फत्ते. लाइन एकदम स्वच्छ.’

धाकट्यानं मान हलवली. वहीत काहीतरी टिपलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चिठ्ठी गायब.

नुसती चिठ्ठी नाही. खिडकीपासून सॉकेटपर्यंत नवी वायर टाकलेली! बाई म्हणाल्या, ‘काल भाऊ आले होते, चहासुद्धा घेतला नाही.’ नाही घेणार. चोराला चहा कुठला.

मी ती नवी वायर उपसली आणि जुनीच पुन्हा जोडली. उत्तम तांबं आहे जुन्यात. बाई म्हणाल्या, ‘अहो, चालत होतं ना आता!’ मी म्हटलं, ‘बाई, या दुकानात शेवटचा शब्द माझा.’

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तो गेला.

सकाळी काउंटरवर चिठ्ठी ठेवली त्यानंच. घडी उलगडून, माझ्यासमोर, सरळ करून. वर पेपरवेट. मी म्हणालो, ‘हिंमत आहे.’

‘दादा, मला थोडे दिवस दे. मग सगळं सांगतो.’

‘गाळा हातात येईपर्यंत?’

‘कुठला गाळा?’

पुन्हा तेच. कुठले वकील, कुठला गाळा! मी विचारलं, ‘गिऱ्हाइकं पळवतोस?’

‘पळवत नाही. राखतोय.’

‘कुणासाठी?’

एकदा पाटीकडे बघितलं त्यानं – काचेतून उलटी दिसते ती आतून. मला वाटलं, आता तरी बोलेल. शपथेवर सांगतो, तेव्हा तो ‘चुकलो’ म्हणाला असता तर मी त्याच्या डोक्यावर टपली मारून चहा मागवला असता. पण नाही.

‘किल्ली ठेव,’ म्हणालो.

ठेवली. खिशातून एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडली – पेचकस, टेस्टर, तारेचं भेंडोळं. टेस्टर मी त्याला पहिल्या दिवशी दिला होता. दारात गेला, पाठमोरा उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला. जायच्या वेळीसुद्धा पुटपुटायचं! माणसानं तोंडावर बोलावं.

मी ‘काय?’ असं विचारलं नाही. पुरे झालं विचारून.

१ मार्च

ही म्हणाली, ‘मी सांगते तुम्हाला काय झालं ते.’

‘एक शब्द नको. मला ऐकायचं नाही.’

‘तेच तर,’ म्हणाली आणि रडायला लागली. रडताना आवाज नसतो हिला, त्यामुळे कधी थांबली ते कळलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

आठवड्यात सात तक्रारी! सगळ्या मी तपासलेल्या लाइनी. जाताना पेरून गेलाय. काय पेरलंय ते सापडत नाही, म्हणजे चांगलंच खोल पेरलंय. मीच शिकवलेला शेवटी.

वकिलांचा फोन. ‘तुमच्या भावाला पाठवता का?’

‘भाऊ नाही. मी येतो.’

‘मग राहू द्या,’ म्हणाले.

राहू द्या! या माणसाच्या पहिल्या कॉम्प्युटरच्या खोक्याची दोरी मी कापलीय.

१० मार्च, सोमवार

दुकानात शांतता. चोरून डॉक्टरीणबाईंच्या इमारतीपाशी जाऊन आलो. गाळा उघडला होता. आत झेरॉक्सचं मशीन आणि एक अनोळखी माणूस, दाढीवाला. ‘हवंय काही?’ म्हणाला. मी रोजनिशीची चार कोरी पानं झेरॉक्स करून आणली. कोऱ्याची कोरी.

मग धाकट्यानं जागा कुठे घेतली?

१३ मार्च, गुरुवार

शिंपीणबाईही फितूर!

सकाळी नऊला गेलो. दोन गुरुवार मुलीचं पत्र उतरलं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांखाली काळं. मी सगळं नव्यानं केलं – मोडेम, ड्रायव्हर, डायल करायचा नंबर, पासवर्ड, सगळं. जोडलं. पत्राचा मथळा आला – ‘आई, डॉक्टरांनी तारीख दिली’ – आणि तुटलं. परत जोडलं. परत तुटलं, चार मिनिटांत. पाच वेळा. बाई म्हणाल्या, ‘कसली तारीख? कसली तारीख हो?’

रिसीव्हर उचलला, कानाला लावला, डोळे मिटले. पूर्ण ऐकलं. म्हणालो, ‘लाइन स्वच्छ आहे.’

बाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. म्हणाल्या, ‘स्वच्छ? अहो, कढईत काहीतरी तळायला टाकल्यासारखं चरचरतंय! मला या वयात ऐकू येतं. तुमचे भाऊसुद्धा हेच म्हणाले होते, म्हणून तर नवी वायर टाकली त्यांनी.’

पढवलंय हिला! सगळ्यांना एकच वाक्य पढवून ठेवलंय. मी अवजारं भरायला लागलो.

‘आणि ते घड्याळ बंद करा आधी,’ बाई कावल्या. ‘केव्हाचं चिवचिवतंय मनगटावर. डोकं उठलं माझं.’

‘बंदच आहे ते, महिना झाला,’ म्हणालो आणि निघून आलो. मुलीचं पत्र तसंच अर्धं ठेवून.

रस्त्यात घड्याळात बघितलं. दहा वाजून एक मिनिट.

१४ मार्च, शुक्रवार

दहाला घड्याळ हिच्या कानाशी धरलं. ‘वाजतंय,’ म्हणाली. माझ्या कानात खुपसलं. काही नाही. यूपीएसची वायर ओढून ही शेजारी उभी राहिली, बोटानं मोजत – वाजलं, वाजलं, वाजलं. मी नुसतं बोट बघत होतो.

पत्त्याचा कागद हिनं डब्यातून काढून दिला. कानाच्या डॉक्टरांचा आहे. ‘जागा’ म्हणजे त्यांच्या यादीतली जागा. त्यांची वेळ मिळायला दीड महिना लागतो म्हणून थांबली होती दोघं.

धाकट्याला फोन लावला. ‘आधी शिंपीणबाईंकडे पळ, नवी वायर घेऊन,’ म्हणालो. मग विचारलं, त्या दिवशी दारात काय म्हणाला होतास? मोठ्यानं बोल. तीनदा सांगायला लावलं.

‘दादा, लाइन ऐकायला कुणाला तरी बरोबर नेत जा.’